सावळी, पण…

परवा दुपारी चारच्या सुमाराला आमच्या मजल्यावरची एक मुलगी येऊन दारात उभी राहिली. ठाकूरद्वारच्या चाळीत दारे दिवसभर उघडीच असतात. कोणी थेट आत न येता उंबऱ्याशी थबकले, की काहीतरी बिनसले आहे हे आम्हां जुन्या लोकांना चटकन कळते. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांतून बक्षिसे मिळवलेली. केळेवाडीतल्या साहित्य संघाच्या रंगमंचावर मी स्वतः तिचे काम पाहिले आहे. आवाज खणखणीत, डोळे बोलके, आणि मुख्य म्हणजे समोरचा बोलत असताना ऐकण्याचे भान, जे पुष्कळ नावाजलेल्या नटांनाही नसते. ती अंधेरीहून एका मालिकेची ऑडिशन देऊन आली होती.

“काय गं, काय झालं?”

“काकू, रोल सावळ्या मुलीचाच होता.”

“मग?”

“मग गोरीला घेतलं. म्हणाले, रंग काय, लावता येतो.”

एवढे बोलून ती हसली. रडली असती तर मला बरे वाटले असते. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. कर्ज नाकारण्याची शेकडो पत्रे माझ्या सहीने गेली. तारण अपुरे, जामीनदार नाही, परतफेडीची ऐपत नाही, कारणे ठरलेली. पण ‘आपले कर्ज मंजूर झाले आहे, फक्त रक्कम आम्ही शेजाऱ्याला दिली’ असे पत्र लिहिण्याची पाळी माझ्यावर कधी आली नाही. या मुलीच्या हातात नेमके तसलेच पत्र पडले होते.

ही एका मुलीची आणि एका ऑडिशनची गोष्ट असती, तर तिला चहा करून दिला असता आणि विषय सोडून दिला असता. पण घरोघर टीव्ही पाहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ पासून २०२३ पर्यंत ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका चालली. काळ्या रंगामुळे हिणवली जाणारी दीपा ही तिची नायिका. मूळ कथा ‘करुथमुथु’ या मल्याळम मालिकेची. तेलुगूतही तिचा एक अवतार झाला आणि तोही अफाट गाजला. मराठीतली दीपा साकारली रेश्मा शिंदे यांनी. त्या मूळच्या गोऱ्या. चेहऱ्याला, मानेला, हातांना गडद रंग चढवून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत. त्यांच्याबद्दल मला काही वावगे म्हणायचे नाही. मिळालेली भूमिका मन लावून करणे हे नटीचे काम, आणि ते त्यांनी केले. आमच्या चाळीत त्या मालिकेचे शीर्षकगीत चार खोल्यांतून एकदम ऐकू येई. त्याच २०१९ साली हिंदीत ‘बाला’ आला. त्यातल्या सावळ्या वकीलबाई होत्या भूमी पेडणेकर, आणि त्यांनाही रंग लावलेला होता. दोन्ही कथा रंगावरून माणसाला हिणवणाऱ्यांच्या विरुद्ध बोलणाऱ्या. दोन्हींचा हेतू चांगला.

आता जरा हिशेब मांडू. निर्माते मंडळी नेहमी सांगतात, आमचे काही नाही हो, पण प्रेक्षकांना सावळी नायिका चालत नाही. ठीक आहे. मग चार वर्षे प्रेक्षकांनी रोज संध्याकाळी काय पाहिले? काळा चेहराच पाहिला ना? त्या चेहऱ्यावर माया केली, त्याच्यासाठी डोळे पुसले, त्याला छळणाऱ्या सासूला शिव्या घातल्या. म्हणजे काळा चेहरा प्रेक्षकांना चालतो, हे एव्हाना सिद्ध झाले. चालली नाही ती काळी बाई, आणि तीही प्रेक्षकांना नव्हे, निवड करणाऱ्यांना. प्रेक्षकांच्या नावावर दाखवलेले हे कर्ज प्रेक्षकांनी कधी उचललेलेच नव्हते. बँकेच्या भाषेत अशा नोंदीला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

चेहरे रंगवण्याची ही कला आमच्या गिरगावच्या जुन्या ओळखीची आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो इथल्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना म्हणून बाप्याला रंगवले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, उभ्या राहिल्या आणि ती अडचण सुटली. दुसरी अडचण फिल्मची होती. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. निळा प्रकाश तिच्यावर उमटे आणि तांबूस छटा काळ्या पडत. माणसाच्या कातडीत तांबूस-तपकिरी छटाच अधिक. त्यामुळे पडद्यावर माणूस असेल त्याहून काळवंडलेला दिसे. म्हणून चेहऱ्यावर पांढरट थर चढवावा लागे. पुढे सगळ्या छटा टिपणारी फिल्म आली, अडचण गेली, थर तेवढा राहिला. रंगीत फिल्मचा जमाना आला तेव्हा रंग जुळवून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना नमुन्याचे छायाचित्र पाठवी. त्यावर वर्षानुवर्षे गोरी बाईच असे. त्या छायाचित्राला ‘शर्ली’ असे नाव पडले होते. शर्लीच्या कातडीवर बेतलेल्या मापात आपली कातडी बसेना. शिंप्याने चुकीचे माप घेतले तर आपण शिंप्याला बोलतो. इथे आपण अंगालाच बोल लावला.

तरीही १९१३ ची गोष्ट निराळी. बाई यायला तयारच नव्हती म्हणून साळुंक्यांना लुगडे नेसवावे लागले. आज अंधेरीच्या गल्ल्यांतून सावळ्या मुली सकाळपासून रांगेत उभ्या असतात.

गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाच्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे. माझ्या पिढीला तो नाका अजून सिनेमाच्याच नावाने आठवतो. याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. नायिका झुबेदा. तिची आई फातमा बेगम ही १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढणारी, आपल्याकडची पहिली स्त्री-दिग्दर्शक. झुबेदाचे वडील म्हणून सुरतेजवळच्या सचिन संस्थानचे नवाब सिदी इब्राहिम महंमद याकूतखान यांचे नाव सांगितले जाते. नवाबांनी ते नाते रीतसर मान्य केल्याची नोंद मात्र नाही. हे सचिनचे नवाब म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीचे भाऊबंद. शाळेत शिवाजी महाराजांच्या धड्यात ज्याचे नाव आपण सगळ्यांनी घोकले, तोच मुरुडचा सिद्दी. मूळचे हे हबशी, आफ्रिकेच्या पूर्वेकडून आलेले. तेव्हा सांगतात ते खरे असेल, तर हिंदुस्थानातल्या पहिल्या बोलपटाच्या नायिकेच्या अंगात आफ्रिकेचे रक्त होते आणि ती पाहायला आमच्या गिरगावात चेंगराचेंगरी झाली होती. छायाचित्रांत झुबेदा गोरीच दिसते. पिढ्यानुपिढ्यांच्या सोयरिकी आणि स्टुडिओतला तो पांढरट थर, यांतले श्रेय कोणाला किती द्यायचे, ते आता कसे ठरवणार? पण मॅजेस्टिकच्या आठवणी काढणाऱ्या आमच्या वाडीतल्या एकाही आजोबांच्या तोंडून मी हबशी हा शब्द कधी ऐकला नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे. संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा नसे. आम्ही पोरे खिडकीच्या गजांना लटकून पाहत असू. मराठी बातम्या द्यायला एक मुलगी येई. मोठे डोळे, कपाळावर ठसठशीत कुंकू, उच्चार स्वच्छ. स्मिता पाटील हे नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. एकदा माझी आई टीव्हीकडे पाहत म्हणाली, “सावळी आहे, पण किती छान दिसते नाही?”

मी तेव्हा शाळेत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी मला त्यातली गंमत कळली. टीव्ही कृष्णधवल होता. लाल लुगडे आणि हिरवे लुगडे ज्या खोक्यात सारखेच दिसे, त्या खोक्यात आईला सावळा रंग मात्र बरोबर दिसला.

आणि तो ‘पण’. गोरी आहे पण छान दिसते, असे कोणी म्हणाल्याचे तुम्ही ऐकले आहे का? गोरीला ‘आणि’ लागतो, सावळीला ‘पण’. पंढरीच्या सावळ्याला ‘पण’ लावण्याची कोणाची छाती नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि आपण त्याच्या काळेपणावरच जीव टाकतो. राम सावळा, कृष्ण सावळा. तीच छटा घरात मुलीच्या अंगावर उतरली, की बाळंतिणीच्या खोलीतच कोणीतरी म्हणते, रंग उजळेल हळूहळू.

माझ्या लग्नाची खटपट सुरू झाली तेव्हा आई मला गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत घेऊन गेली. १९८३ साल. फोटोग्राफरांनी मला न्याहाळले आणि आईला म्हणाले, “काळजी करू नका वहिनी, मी हात फिरवतो.” हात फिरवणे म्हणजे काय, ते त्यांनीच मला पुढे दाखवले. निगेटिव्ह काचेवर धरून तिच्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा ओढायच्या. निगेटिव्हवरची काळी रेघ छापताना उजळ होते. पेन्सिल जितकी काळी, मुलगी तितकी गोरी. फोटो हातात आला तेव्हा आई खूश झाली. मला तो माझ्या मावसबहिणीचा वाटला. स्थळे फोटो पाहून आली आणि मला पाहून गेली. शेवटी ज्यांच्याशी लग्न झाले त्यांनी तो फोटो पाहिलेलाच नव्हता. ते माझ्याच बँकेत क्लिअरिंग विभागात होते आणि मला रोज समोर पाहत होते.

हे सगळे चालले असताना स्मिता पाटील मोठी झाली होती. ‘भूमिका’साठी राष्ट्रीय पुरस्कार, मग जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’साठी दुसरा. ‘जैत रे जैत’मधली ठाकरवाडीतली चिंधी तर आपल्या सगळ्यांच्या काळजात बसलेली. पण मला विचाराल तर तिची सर्वांत धाडसाची भूमिका १९८२ च्या ‘उंबरठा’तली. चिंधी आदिवासी, ‘चक्र’मधली अम्मा झोपडपट्टीतली, तिथे सावळा रंग कोणाला खटकण्याचा प्रश्नच नव्हता. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन ही बंगल्यात राहणारी, शिकलेली, वकिलाची बायको. ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते. चित्रपटभर तिच्यावर टीका होते. मूल टाकून गेली, नवऱ्याला विचारले नाही, हट्टी आहे, सगळे बोलून होते. तिच्या रंगाबद्दल अख्ख्या चित्रपटात कोणी चकार शब्द काढत नाही. सावळी बाई मोठ्या घरची सून असू शकते, आणि ते सांगण्यासाठी कथेत एकही संवाद खर्च करावा लागत नाही, हे जब्बार पटेलांनी आणि तिने करून दाखवले. माझ्यासारख्या बँकेतल्या सावळ्या बायकांनी तो चित्रपट का पुन्हा पुन्हा पाहिला, हे तेव्हा आमच्या नवऱ्यांना कळले नव्हते. आम्हांला तरी कुठे नीट सांगता येत होते?

१३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. वय एकतीस.

तिच्यामागून दार मोकळे झाले असे आपण समजलो. तसे झाले नाही. नंदिता दास यांनी अनेकदा सांगितले आहे, की खेड्यातली किंवा झोपडीतली बाई करायची असली की त्यांच्या रंगाचे कौतुक होते. सुशिक्षित, वरच्या वर्गातली बाई करायची असली की रंगभूषाकार थोडे उजळ करू का म्हणून विचारायला येतो. चित्रा पालेकरांच्या २००६ सालच्या ‘माती माय’मध्ये त्या मराठीत आल्या, त्याही गावाबाहेर टाकलेल्या स्त्रीच्या भूमिकेत. कोल्हापूरच्या उषा जाधव यांना ‘धग’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काय ताकदीचे काम! भूमिका स्मशानात प्रेते जाळण्याचे काम करणाऱ्या घरातल्या आईची. रवी जाधवांच्या २०१८ च्या ‘न्यूड’मध्ये कल्याणी मुळे यांची यमुना, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसून मुलाला शिकवणारी. ठाकूरद्वारहून जे. जे. म्हणजे बसने चार स्टॉप. त्या चित्रपटात मुले कॅनव्हासवर तिचा रंग आहे तसा, तपकिरी, जांभळट, पिवळसर छटा शोधत शोधत रंगवतात ते पाहताना मला वाटले, कातडीकडे इतक्या आदराने पाहणारे डोळे मी पडद्यावर फार कमी पाहिले आहेत.

या सगळ्या भूमिका उत्तम आहेत, त्या लिहिल्या गेल्या आणि या बायकांनीच केल्या, याचा मला आनंदच आहे. पण त्या एका ओळीत मांडल्या की एक अलिखित नियम दिसतो. सावळ्या बाईने पडद्यावर यायचे ते दुःख घेऊन. गरिबी, स्मशान, दुष्काळ, बहिष्कार यांपैकी काहीतरी सोबत आणल्याशिवाय तिला प्रवेश नाही. आणि जिथे दुःख खुद्द रंगाचे, तिथे तर तिचीही गरज नाही, रंगाची बाटली पुरते.

हे दुखणे आपले एकट्याचे नाही. अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल या काळ्या अभिनेत्रीला १९४० साली ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळाले, तेव्हा समारंभाच्या दालनात तिला बाकीच्या नटांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. भूमिका मोलकरणीची. काळ्या स्त्रीला प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळायला २००२ साल उजाडले, ते हॅली बेरीला. २०१५ मध्ये व्हायोला डेव्हिसला टीव्हीवरच्या ड्रामा मालिकेतल्या प्रमुख भूमिकेसाठी एमी मिळाले, त्या विभागात ते मिळालेली ती पहिली काळी स्त्री. तिने त्या वेळी सांगितलेल्या गोष्टीचा मथितार्थ असा, की आमच्यात आणि इतरांत फरक आहे तो फक्त संधीचा; ज्या भूमिका लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांची बक्षिसे कशी मिळणार? तिथला रंगभेद गुलामगिरीतून आला, आपल्याकडचा जातीत, पैशात आणि लग्नाच्या बाजारात मुरलेला. दोन्ही एकाच तागडीत घालू नयेत. पण मोलकरणीची भूमिका आधी देऊन ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच सुचली.

म्हणून २९ एप्रिल २०१६ ला लागलेला ‘सैराट’ मला फार मोठी गोष्ट वाटते. अजय-अतुलच्या गाण्यांवर थिएटरात लोक नाचले, त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले. शेवटाबद्दलही झाले. मी आर्चीच्या रंगाबद्दल बोलते आहे, ज्याबद्दल त्या वेळी जवळजवळ कोणी बोलले नाही, आणि त्यातच त्याचे यश आहे. अकलूजची रिंकू राजगुरू. ना कोणा नटाची मुलगी, ना मुंबईची. सावळी. आणि ही सावळी मुलगी कोण आहे? गावच्या पाटलाची लेक. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, भर वर्गात पोरांना दम भरते. तिच्यासमोर उभा असलेला पारध्याघरचा परशा तिच्याहून उजळ. जो वरचा तो गोरा आणि जो खालचा तो काळा, ही आपल्या डोक्यात बसलेली चौकट नागराज मंजुळे यांनी कोणाला न सांगता उलटी टांगून ठेवली. आर्चीला कोणी ‘सावळी पण’ म्हणत नाही. परशा तिच्यासाठी विहिरीत उडी टाकतो. तिच्या रंगाचे दुःख नाही, त्याचे कौतुक नाही, त्याची मालिकाही नाही. ती प्रेमकथेची नायिका आहे, बस्स. राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकूच्या कामाची खास दखल घेतली गेली ती चित्रपट लागण्याच्याही आधी. आणि गल्ल्याचे म्हणाल, तर शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट.

कन्नडमध्ये ‘सैराट’ पुन्हा काढला तेव्हा त्यांनी रिंकूलाच नेले. हिंदीत २०१८ साली ‘धडक’ आला तेव्हा नायिका जान्हवी कपूर झाली. गाव अकलूज-करमाळ्याकडचे जाऊन उदयपूर आले, जात पुसट झाली आणि रंगही उजळला. ‘धडक’ वाईट होता असे मी म्हणत नाही. पण त्या एका बदलात पन्नास वर्षांच्या सवयी दिसतात.

पन्नास वर्षे म्हणजे अगदी मोजून. गोरेपणाची ती प्रसिद्ध क्रीम, फेअर अँड लव्हली, बाजारात आली १९७५ साली. आमच्या चाळीत ती मोरीतल्या फळीवर दाढीच्या साबणाशेजारी असे आणि घरातले सगळे, पुरुषसुद्धा, गुपचूप लावत. मुलगी सावळी म्हणून बाप खंतावतो, मुलगी क्रीम लावते, नोकरी लागते, अशा जाहिराती टीव्हीवर येत. जनवादी महिला संघटनेने तक्रार केली तेव्हा २००३ मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि जगभर आगडोंब उसळला. त्याचा धूर आपल्याकडेही पोचला. महिन्याभरात एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने कातडीच्या रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकली. क्रीमचे नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाले. क्रीम राहिली.

बँकेतल्या माणसाला एक सवय लागते. आधीच्या व्यवहाराचा इतिहास पाहायचा. ‘उंबरठा’, ‘सैराट’, आणि रंग लावलेली का होईना, चार वर्षे चाललेली दीपा. इतका स्वच्छ परतफेडीचा इतिहास असलेला अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी जामीनदारसुद्धा मागितला नसता. आणि अलीकडचीच एक नोंद आहे. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला ग्राँ प्री मिळाले. तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट तिथे मुख्य स्पर्धेत होता. त्यात मल्याळी नर्सच्या भूमिकेत कनी कुसृती आणि दिव्या प्रभा आहेत. आणि तिसरी आहे पार्वती, रुग्णालयात स्वयंपाक करणारी. गिरणीकामगाराची विधवा, रत्नागिरीकडची, जिच्या खोलीवर बिल्डरने डोळा ठेवला आहे आणि जिच्याकडे कागदपत्रे नाहीत. ही पार्वती केली आहे छाया कदम यांनी. ‘फँड्री’तली जब्याची आई त्यांचीच, ‘सैराट’मध्ये परक्या गावात आर्ची-परशाला आसरा देणारी बाई त्यांचीच, ‘न्यूड’मधली मावशीही त्यांचीच. इतकी वर्षे आपण त्यांना पाहत होतो, नाव विचारायचे राहून गेले होते. कानला त्या आपल्या दिवंगत आईची साडी नेसून आणि आईची नथ घालून गेल्या. ते फोटो वर्तमानपत्रांत आले तेव्हा मी नीट पाहिले. कोणी हात फिरवलेला नव्हता.

दुसऱ्यांचे हिशेब तपासताना स्वतःची वहीही उघडावी लागते. माझ्या दुसऱ्या कादंबरीची नायिका सावळी आहे. मुखपृष्ठावर ती गोरी झाली. मी प्रकाशकांना काही बोलले नाही. मुखपृष्ठ देखणे होते आणि आवृत्ती संपली. गेल्या महिन्यात ते पुस्तक कपाटातून काढून पाहिले. तिसऱ्या पानावर तिचे वर्णन आहे. सावळी पण तरतरीत. हे काही चित्रकाराने लिहिलेले नव्हते.

त्या दिवशी चहा झाल्यावर मुलीने मोबाइल काढून मला ऑडिशनला पाठवलेले फोटो दाखवले. तिचेच, पण मला ओळखू येईनात. तिने स्वतः काही केले नव्हते. हल्लीच्या फोनमध्ये सोय असते म्हणे, फोटो काढतानाच चेहरा आपोआप उजळ आणि गुळगुळीत होतो. बंद करायचे बटण आत कुठेतरी असते. मी उठून कपाटातला तो १९८३ सालचा फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. तिने उलटसुलट करून पाहिला.

“काकू, ही कोण?”

मग आम्ही दोघी मिळून ते बटण शोधले. चाळीच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत पाच-साडेपाचला ऊन तिरपे येते, डोळ्यांवर येत नाही. तिथे तिला कठड्याशी उभे केले आणि सहा-सात फोटो काढले. शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारल्या. त्यांतला एक तिने रात्री दुसऱ्या एका मालिकेसाठी पाठवला. भूमिका डॉक्टरची आहे, दोन भागांपुरती. वर्णनात वय आणि उंची एवढेच विचारले आहे.

अजून फोन आलेला नाही.